मुरमाच्या रस्त्यावर डबल सीट

कोडोलीच्या आकाराम चौगुल्यांनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, एकतीस वर्षं एसटी चालवली आणि एकतीस वर्षं एकाच गोष्टीवर दात धरला, ती म्हणजे रस्त्यावरची इतर वाहनं. उसाची जोडट्रॉली त्यांच्या मते वाहन नव्हतंच, तो चालता फड होता. मोटारसायकलवाले म्हणजे माशा. आणि रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून पान खायला उतरणाऱ्या माणसाबद्दल ते जे बोलत, ते बसमधल्या बायका पदर कानावर घेऊन, पण एक कान उघडा ठेवून ऐकत.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. अण्णा त्यांना स्प्रिंगा म्हणतात. "बॉडी जुनीच हाय, स्प्रिंगा तेवढ्या नव्या टाकल्यात," असं ते भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला. अण्णांनी माळ्यावरची बावीस इंची काळी सायकल खाली काढली. हायवेवर दोनदा नेली. दोन्ही वेळा घरी येईपर्यंत शिव्या देऊन देऊन रक्तदाब असा चढला, की डॉक्टर म्हणाले, "त्यापेक्षा झोपून राहा."

मग त्यांना तो रस्ता आठवला. गगनबावड्याच्या पलीकडं जंगलखात्याचं एक फाटक आहे. आतला रस्ता मुरमाचा, आणि मोटारींना बंद. सुरुवातीला दाट झाडी, जांभळी आणि अंजनी एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. मग झाडी सरते आणि एकदम मोकळा सडा, म्हणजे खडकाळ पठार, लागतो. काळपट जांभा दगड, करवंदीच्या जाळ्या, वाऱ्यानं एका बाजूला झोपलेलं गवत, आणि आभाळाशिवाय पुढं कुणी नाही. अण्णा इथं पहिल्यांदा सायकलवर आले तेव्हा मैलभर गेल्यावर थांबले आणि मागं वळून बघितलं. हॉर्न नाही, ट्रॉली नाही. माणूस देवळात गेल्यावर गप्प होतो, तसे ते गप्प झाले. हे त्यांच्या बाबतीत बातमी होण्यासारखं होतं.

तेव्हापासून दर रविवारी अण्णा पहिल्या एसटीनं गगनबावड्याला जातात. सायकल तिथल्या साडूच्या गोठ्यात, म्हशीच्या शेजारी. रस्ता रिकामा असला तरी ड्रायव्हरपण काही उतरलेलं नाही. प्रत्येक वळणावर घंटी वाजते. वळायचं असेल तर हात बाहेर निघतो. मुलगी स्नेहल एकदा सोबत गेली होती. ती म्हणाली, "अण्णा, समोरनं कोण येणार हितं?"

"येणारं सांगून येतंय व्हय?" अण्णा म्हणाले, आणि घंटी वाजवली. वळणापलीकडं एक गवा उभा होता. तो बाजूला झाला. अण्णांनी त्याला हात केला, जसा समोरनं येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला करतात.

हे सगळं बाळाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बिलकूल मंजूर नव्हतं. सड्यावर मोबाईलची रेंज नाही. दर रविवारी सकाळपासून बाई दारात आणि जीव टांगणीला. "तकडं दगडावर छाती धरून पडलासा, तर मला सांगाय गवा येनार हाय का?" हा त्यांचा प्रश्न होता.

त्यात भाचा राजवीर आला. त्यानं पन्हाळा रोडला गार्डन हॉटेल काढलं होतं आणि भिंतीवर टांगायला त्याला जुनी सायकल हवी होती. "मामी, लायटिंग सोडतो चाकातनं. लोक फोटो काढत्यात," तो म्हणाला. बाळाबाईंना हा विचार फार पटला. भिंतीवर टांगलेली सायकल नवऱ्याला घेऊन कुठं जात नाही.

शेवटी स्नेहलनं तोड काढली. ती कोल्हापुरात बँकेत आहे आणि डॉक्टर-इंजिनिअर मंडळींच्या सायकल क्लबात आहे. ज्या मुरमावर डांबर पडावं म्हणून यांच्या आजोबांनी अर्ज करकरून शाई संपवली, त्याच मुरमाला ही मंडळी 'ग्रॅव्हल' म्हणतात आणि त्यावर चालवायला मोटारसायकलपेक्षा महाग सायकल घेतात. क्लबानं नेमक्या त्याच रस्त्यावर फेरी ठेवली होती. चोवीस किलोमीटर, अडीच तासांची मुदत. बाळाबाईंनी अट घातली: धाच्या आत फाटकात आलासा तर सायकल तुमची. एक मिनिट पुढं गेलं, तर राजवीरच्या भिंतीवर.

"एकतीस वर्षांत माझ्यामुळं गाडी लेट झाली न्हाय," अण्णा म्हणाले. "झाली ती पब्लिकमुळं."

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, आणि तारीखही महिन्याची शेवटची. साडेसातला शिट्टी झाली. चाळीसेक सायकली निघाल्या, घट्ट रंगीत कपड्यांतल्या, पोपटांचा थवा उडावा तशा. मागनं पांढरा लेंगा, शर्ट, टोपी आणि करकरणारी काळी सायकल. पण झाडीतला चढ संपेपर्यंत अण्णांनी सहा पोपट मागं टाकले होते. चढाला दम कसा राखायचा, हे करूळ घाटानं त्यांना शिकवलं होतं. सड्यावरच्या टोकाला वळसा घालून ते परत फिरले तेव्हा वेळेच्या हिशेबानं ते पंधरा मिनिटं पुढं होते.

फाटक सात किलोमीटरवर राहिलं, आणि धनगरवाड्याची पायवाट जिथं रस्त्याला मिळते तिथं एक म्हातारी उभी होती. हातात काठी, डोक्यावर घडी घातलेलं रिकामं पोतं. सायकल दिसताच तिनं हात आडवा केला.

अण्णांचा उजवा पाय आपोआप खाली गेला. सायकलला तिथं ब्रेक नसतो. पाय मुरमात घासला, धूळ उडाली, आणि म्हातारीच्या बरोबर पुढ्यात सायकल थांबली, अगदी एसटीचं दार तिच्यासमोर यावं अशी. हात केलेल्या माणसाला सोडून पुढं जाणं अण्णांना एकतीस वर्षांत जमलं नव्हतं, आणि ते शिकण्याचं आता वय नव्हतं.

"कुठं जायाचं?"

"फाटकाखाली. रेशनला अंगठा द्यायाचाय. आज शेवटचा दिस, बारापत्तर दुकान उघडं हाय म्हनं." म्हातारीनं डोळे बारीक केले. "तू मुक्कामी गाडीचा डायव्हर न्हवं?"

"व्हय."

"मग बरं झालं. मी चिमणाबाई. गुडघा लई सुजलाय बाबा." आणि परवानगी वगैरे न विचारता ती कॅरिअरवर बसली.

अण्णांनी घड्याळ बघितलं. मग एकदा चिमणाबाईंच्या गुडघ्याकडं बघितलं. मधल्या जागेत राजवीरचं हॉटेल दिसलं असावं, कारण त्यांनी एक सुस्कारा सोडला. "धरून बसा मावशी," ते म्हणाले आणि पायडल मारलं.

डबल सीट म्हटल्यावर गाडीचा वेग पडला. त्यात चिमणाबाईंची चप्पल पडली. "थांब थांब!" अण्णा उतरले, शंभर पावलं मागं जाऊन चप्पल घेऊन आले. पुढं मघा मागं पडलेले सहाही पोपट एकेक करून पुढं गेले. त्यातला एक हृदयरोगतज्ज्ञ होता. तो ओरडला, "अण्णा, हे नियमात बसत नाही!"

"बसलंय की कॅरिअरवर!" चिमणाबाई ओरडल्या.

झाडीतल्या छोट्या चढाला अण्णा बाईंना न उतरवता स्वतः उतरले आणि सायकल ढकलत चालले. फाटक दिसलं तेव्हा दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. टाळ्या वाजवायला उभी असलेली मंडळी पोहे खायला गेली होती. घड्याळ घेऊन स्नेहल होती, आणि तिच्याशेजारी बाळाबाई. राजवीर दोरी घेऊनच आला होता.

"अकरा मिनिटं, अण्णा," स्नेहलनं घड्याळ पुढं केलं. "मी काय खोटं लिहू?"

"न्हाय. लिही खरं ते."

बाळाबाई नवऱ्याच्या छातीकडं बघत होत्या. मग सरळ चिमणाबाईंकडं वळल्या. "मावशी, खरं सांगा. वाटंत ह्यास्नी धाप लागली का? छातीला हात लावला का?"

"धाप?" चिमणाबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं बाई, ह्याचं त्वांड मिटंल तर धाप लागंल! ट्रॉलीवाल्यांच्या आयशी-बापापातूर पोचला हुता. चढाला सुदिक थांबला न्हाय. माझं कान किट्टलं."

बाळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कित्येक रविवार दारात उभं राहून जे कळलं नव्हतं, ते आज साक्षीदारासकट समोर आलं होतं. राजवीर दोरी घेऊन पुढं झाला, तशी त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती. भिंतीवर तुझ्या मामाचा फोटू टांगायची येळ आली न्हाय अजून, सायकल कशाला टांगतोस?"

"पण मामी, टायम..."

"टायम माझा हुता. मी माफ केला." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "पर डबल सीट बंद. डॉक्टरनी ओझं उचलू नका म्हटलंय."

अण्णांनी मान खाली घातली. जिंकल्यावर माणूस जितका गरीब दिसू शकतो, तितके ते दिसत होते.

चिमणाबाई तोवर दुकानात जाऊन अंगठा देऊन आल्या. दुकानातल्या पोऱ्यानं दहा किलो तांदळाचं पोतं आणून सायकलीला टेकवलं. बाईंनी फाटकाकडं बघितलं, मग बाळाबाईंकडं. "मंग मी जाऊ कशी? आत तर मोटार सोडत न्हाईत."

राजवीरची नवी गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि तिचा इथं काडीचा उपयोग नव्हता. अण्णा आभाळाकडं बघत होते, अगदी निष्पाप चेहऱ्यानं.

बाळाबाईंनी पोतं उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि ते राजवीरच्या खांद्यावर ठेवलं.

"तू चालत जा मागनं," त्या म्हणाल्या. "आनि तुमी, चढ आला की दोघंबी उतरा."