करीमचाचांची साक्ष

करीम पेंटर कुठलीही पाटी रंगवायला घेण्याआधी ती शाळेच्या वहीत पेन्सिलीनं काढत. खाली गिऱ्हाइकाची सही घेत, तारीख टाकत आणि मगच ब्रश रंगात बुडवत. मोताळ्यातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची. कुणी कौतुक केलं की म्हणत, "अक्षर लोकाइचं असते बापा, आपला निस्ता हात."

मी बसस्टँडसमोर कराचे, नोंदणीचे अर्ज भरून देतो. माझी पाटीही त्यांचीच. सत्तरी ओलांडलेला माणूस भर उन्हात शिडीवर उभा राहून, श्वास रोखून एका दमात वेलांटी काढायचा, ते मी दुकान सोडून बघत बसायचो. पण त्यांची खरी उंची मला कळली ती विमलताईंच्या मसाल्यापायी.

विमलताई घरीच मसाला करत. 'चुलांगण मसाला' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. सहा वर्षांत तो तालुकाभर पोचला. त्यात करीमचाचांच्या मुलाचा, सलीमचा मोठा वाटा; दुकानोदुकानी पुड्या तोच पोचवायचा. नावाचा ट्रेडमार्क नोंदवायला ताई माझ्याकडे आल्या. मी संगणकावर शोध घेतला, तर त्याच नावाचा, मसाल्यासाठीच, अर्ज आधीच दाखल झालेला. अर्जदार सलीम.

ताई पडद्याकडे वाकल्या. "म्हंजे नाव गेलं माहं?"

मी समजावलं. आधी अर्ज करणाऱ्याचं पारडं जड असतं खरं. पण त्याच्याही आधीपासून कुणी ते नाव सतत वापरत असेल, तर त्याचा हक्क वरचढ ठरतो. अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून आला की हरकत घ्यायला चार महिने मिळतात. सलीमचा नुकताच छापून आला होता. मात्र आधीच्या वापराचा पुरावा हवा. ताईंच्या जुन्या पुड्या साध्या, बिनछापाच्या. बिलं कधी केलीच नव्हती. दारावर एक पाटी तेवढी होती. करीमचाचांनी रंगवलेली.

बापाकडे मुलाविरुद्धचा कागद मागायचा कसा? दोन दिवस मी टाळलं. शेवटी गेलो. चाचा ओसरीत ब्रश धूत होते. सगळं ऐकून घेतलं, आत गेले, पत्र्याच्या पेटीतून वह्या काढल्या. पान सापडेपर्यंत एकेक चाळत राहिले. पेन्सिलीतलं 'चुलांगण', खाली ताईंची सही, सहा वर्षांपूर्वीची तारीख.

"चाचा, आधी घरी विचारून घ्या," मी म्हणालो.

"काऊन? तारीख काय घरी इचारून टाकली होती म्या?"

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र टाइप करून त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एक ओळ राह्यली. लिही, ज्यानं अर्ज केला तो सलीम माहा सख्खा पोरगा हाय."

"त्याची गरज नाही, चाचा."

"हाय. ते लपवलं तं बाकीचं खरं बी खोटं वाटन."

मी टाइप केलं. त्यांनी सही केली, पाटीवरच्या अक्षरासारखीच, सावकाश.

हरकतीची नोटीस मिळाल्यावर सलीम तावातावानं आला. "पह्यला अर्ज माहा हाय! अन् खपवला कोनं तो मसाला? म्याच ना?" मी त्याच्या वडिलांचं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. वाचता वाचता तो त्या ओळीपाशी थांबला.

"हे अब्बानं सोता लिहाले सांगतलं?"

"हो."

कागदाची घडी घालून परत देत त्यानं विचारलं, "अर्ज वापस घेता येते का?"

अर्ज मागे घेतला गेला. यथावकाश ताईंच्या नावाची नोंदणी झाली. पण बापलेक एका घरात राहून वर्षभर बोलले नाहीत. चाचा त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. एकदाच म्हणाले, "जेवाले बसलो का त्याच्या ताटाकडं पायतो. पोट भरून खाते का नाई, एवढंच."

मग सलीमनं स्वतःचा मसाला काढायचं ठरवलं आणि पाटीसाठी बापापुढे जाऊन उभा राहिला. चाचांनी नाव ऐकलं. म्हणाले, "आधी बसस्टँडवर जा. दुसऱ्या कोनाचं तं नाई, पाहून ये." नाव मोकळं होतं. सलीमनं त्याच दुपारी अर्ज केला. संध्याकाळी चाचांनी पत्रा घासायला घेतला.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. विमलताई भेटायला आल्या तेव्हा मी तिथेच होतो. सलीमनं त्यांना खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसला.

"ताई, अब्बानं तो कागद लिहून देला, तवा मले वाटलं, आपला बाप मेला," तो म्हणाला. "आता खरंच गेला तं..."

ताई खाटेवरून उतरल्या आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या.