आजोबांच्या नावाचं बंद दार

आमच्या घराण्यात पिढीजात चालत आलेली गोष्ट एकच, खडूचा खोकला. आजोबा विद्यापीठात भूमिती शिकवायचे, त्यांच्यानंतर माझे वडील, आणि मग आत्या. तिघांची खोडही एकच. शिकवताना वर्गाचं दार सताड उघडं, आणि शेवटचे बाक बाहेरच्यांसाठी मोकळे. बाहेरचे म्हणजे कुणीही. बसचे कंडक्टर यायचे, दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई यायच्या, आणि कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई तर आत्याचा वर्ग कधी चुकवत नसत.

आत्या निवृत्त झाली तरी तिला संध्याकाळचा वर्ग सोडवेना. मध्यंतरी विद्यापीठाने नवं व्याख्यानगृह बांधलं, त्याला आजोबांचं नाव दिलं आणि आत्याला सांगितलं, आता वर्ग इथेच घ्या. बाई हरखली. उद्घाटनाला ठेवणीतले कपडे घालून गेली.

दाराशी आजोबांचा पुतळा होता. नाक जरा जास्तच सरळ केलेलं, पण ते चालवून घेतलं. पुतळ्याच्या अलीकडे मात्र काचेचं दार होतं, कार्ड दाखवल्याशिवाय न उघडणारं. आम्ही पाहुणे म्हणून आत आणि शिंपीणबाई काचेबाहेर, पर्स छातीशी धरून उभ्या.

"त्यांना आत घ्या हो," आत्या रखवालदाराला म्हणाली.

"कार्ड नाही त्यांच्याकडे, बाई."

"या पुतळ्याकडे आहे का?"

रखवालदार बिचारा पुतळ्याकडे बघत राहिला. कुलसचिव लगबगीने आले. "बाई, बाहेरच्यांना बसवायची पद्धत होती, असं कुठे कागदावर नाही."

इथे आमचं घराणं फसलं. दार उघडं ठेवायलाही कागद लागतो, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सिद्धता मागायची ती फळ्यावर, एवढंच त्यांना ठाऊक.

"मग नाव काढा," आत्या म्हणाली.

"अहो, हा तुमच्या घराण्याचा सन्मान आहे."

"सन्मान कसला डोंबलाचा? माझ्या बापाचं नाव पुढे करून लोकांना हाकलताय. तो असता तर स्वतः बाहेर जाऊन बसला असता."

फीत न कापताच ती बाहेर पडली. मागाहून कुलगुरूंनी भाषण केलं, ज्ञानाची दारं सर्वांना खुली आहेत म्हणून. काच जाड असल्यामुळे ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. ज्यांच्या करातून त्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांनाच भिंतीबाहेर उभं करायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

वर्ग आता सरकारी प्राथमिक शाळेत भरतो. बाक पहिलीतल्या पोरांचे, त्यामुळे कंडक्टरांचे गुडघे हनुवटीला लागतात. विद्यापीठातली काही मुलंही येतात, कार्ड खिशात ठेवून.

आणि आत्या दर सोमवारी कुलसचिवांच्या खोलीत जाते.

"दिलेला सन्मान परत घ्यायची तरतूद नाही, बाई," ते म्हणतात.

"मग दार उघडायची तरतूद करा," ती म्हणते, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसून राहते.