मेंढ्याचं मुंडकं

जर्मनीत येनाला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक अल्बेनियन आजोबा राहतात. मी माझ्या मुलाकडे, म्हणजे तुमच्या मामाकडे, राहायला आल्यापासून आमचं बोलणं व्हायचं ते कचऱ्याच्या डब्यांबद्दल. पिवळ्या डब्यात काय टाकायचं याबाबत आम्हा दोघांचं एकमत आहे. इमारतीत बाकी कोणाचं नाही.

गेल्या महिन्यात ते एक जुनं पुस्तक घेऊन वर आले. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणलेलं. एका इंग्रज साहेबाने फार पूर्वी अल्बेनियाच्या डोंगरांत प्रवास केला, त्याची हकीकत. आजोबांना इंग्रजी येत नाही, आणि मला येतं हे त्यांना मामाने सांगितलं होतं.

हा साहेब आजोबांच्या पणजोबांकडे मुक्कामाला राहिला होता आणि पणजोबांनी त्याच्यासाठी मेंढा कापला होता, असं ते लहानपणापासून ऐकत आले. कोलोनला त्यांची धाकटी बहीण असते, तिला ते पटत नाही. घरात तीन शेळ्या, मेंढा कुठून येणार, असं ती घरच्या प्रत्येक लग्नात सगळ्यांसमोर विचारते. पुस्तकात आपल्या गावाचं नाव शोधून आजोबांनी तिथे कागद घातला होता.

मी इंग्रजी वाचायचे, मनात मराठी करायचे आणि तोंडाने जर्मन बोलायचे. पांढरे कडे, खाली हिरवी नदी, तिच्यावर एका कमानीचा दगडी पूल. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. पूल इतका उंच नाही, असं मध्येच म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही.

मग घर आलं. मला एक ओळ पुढे वाचायची सवय आहे, आणि पुढच्या ओळी वाईट होत्या. मेंढा कापला, चांगलं मांस घरच्यांनी ठेवून घेतलं आणि माझ्यापुढे मुंडकं आणून ठेवलं, असा या लोकांचा पाहुणचार, असं साहेबाने लिहिलं होतं. घरी आलेल्या माणसाला त्याच्या पूर्वजांबद्दल असं कसं ऐकवायचं? मी तेवढा परिच्छेद गाळला आणि दुसऱ्या दिवशी घोड्यांवर सामान चढवलं, तिथून पुढे वाचायला लागले.

"मेंढ्याचं काही नाही?" आजोबांनी विचारलं.

नाही, असं मी म्हणाले. मग बहीणच बरोबर होती म्हणायची, असं पुटपुटत त्यांनी टोपी उचलली. चहा अर्धा तसाच होता. मला ते बघवेना. मी थोडं गाळलंय, पण ते ऐकायला चांगलं नाही, असं मी कबूल केलं.

"बाई, चांगलं ऐकायला मी आलेलो नाही," ते म्हणाले.

मग मी सगळं वाचलं, पुस्तकावरून नजर न काढता.

"डोकं? साहेबापुढे?"

"हो. साहेबापुढेच."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून ते पुन्हा खुर्चीत बसले. त्यांच्याकडे मुंडकं सगळ्यात मानाच्या पाहुण्याला देतात. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही ते मिळत नाही. साहेबाने खाल्लं का, असं त्यांनी विचारलं. मी बघून सांगितलं, कुत्र्याला घातलं. आजोबांना वाईट वाटलं, पण साहेबाचं. एवढ्या लांबून आला आणि त्याला सांगायला कोणी भेटलं नाही, असं ते म्हणाले. मला तर त्यांच्याशी मघाशी खोटं बोलल्याचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पानाची झेरॉक्स काढली. मुंडक्याच्या ओळीखाली मी पट्टी धरून रेघ मारली, खाली जर्मनमध्ये अर्थ लिहिला, आणि आजोबांनी ते रजिस्टर पोस्टाने कोलोनला पाठवलं.

आठवड्याने बहिणीचा फोन आला. मेंढा होता हे तिला मान्य आहे. पण तो शेजाऱ्याकडून मागून आणलेला असणार.

आजोबांनी यावर दोन दिवस विचार केला. पाहुण्यासाठी दुसऱ्याच्या दारात मागायला गेला, म्हणजे पणजोबा आणखीच मोठा माणूस, असं त्यांचं मत पडलं. तसं पत्र मी काल लिहून दिलं.