त्यांची झोप आणि माझा राग

देवाजवळ काही मागताना मी आता घाबरते. एकदा मी जे मागितलं, ते मागायचा मला अधिकार नव्हता, हे फार उशिरा कळलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहत होतो. माझे यजमान एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. हात अतिशय सुबक, पण माणसाला झोपेनं घेरलेलं. जेवताना घास हातात धरून डोळा लागायचा, ऑफिसात ड्रॉइंग बोर्डवर डोकं टेकायचं. साहेबांनी दोनदा समज दिली आणि शेवटी त्यांना नकाशांच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. घोरणं असं, की शेजारी चेष्टा करायचे. रात्रभर झोपूनही हा माणूस दिवसा पेंगतो, म्हणजे आळसच, असं मी धरून चालले. मी शाळेत शिकवत होते. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उभं करायची माझी सवय घरातही आली.

आमच्याकडे दर वर्षी पोथीचं पारायण असे आणि वाचायला हेच बसत. त्यांचं वाचन ऐकायला डोंबिवलीहून माझ्या नणंदा यायच्या. एका वर्षी तिसऱ्या दिवशी ओवी अर्धी असतानाच त्यांची मान खाली गेली आणि ते घोरू लागले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "देवापुढे तरी माणसासारखं बसा." त्यांनी पोथी माझ्याकडे सरकवली आणि ते आत गेले. त्यानंतर ते पूजेला कधी बसले नाहीत. आरतीला दाराशी उभे राहायचे, भिंतीला पाठ न टेकता. उभं राहिलं की झोप लागत नाही, असं त्यांनी मुलीला सांगितलेलं माझ्या कानावर आलं होतं. तरीही मला काही वाटलं नाही. आज तेच जास्त टोचतं.

त्या साली नवरात्रात आम्ही टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो. भर दुपार, रांग लांबलचक. हे म्हणाले, जरा टेकतो, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. बसले तसे झोपलेच. लोक वळून बघू लागले. मला इतकी लाज वाटली, की ओळख नसल्यासारखी मी त्यांना तिथेच सोडून रांगेबरोबर पुढे सरकले. देवीसमोर पोहोचले तेव्हा हात जोडून एवढंच म्हटलं, "आई, या माणसाला थोडी अक्कल दे."

परत आले, तर पायरीवर त्यांच्याशेजारी एक कोळीण बसली होती. पन्नाशीची असेल. तिनं आपला तळहात यांच्या हनुवटीखाली धरून चेहरा वर उचलून ठेवला होता. रांगेतली स्वतःची जागा सोडून ती तिथे बसली होती. उठा आता, म्हणत मी यांचा खांदा हलवायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"बाय, यो मानूस झोपत नाय," ती म्हणाली. "यो बुरतंय."

बुडतोय? मी विचारायच्या आत तिनं हनुवटीखालचा हात काढला आणि मला बघायला सांगितलं. मान पडली, घोरणं थांबलं. छाती वर उचलायची धडपड चालली होती, पण श्वास आत जातच नव्हता. मी मनात आकडे मोजत होते. वीसच्या पुढे गेले तेव्हा ते दचकले, घशातून मोठा आवाज करत हवा आत ओढली, आणि डोळे न उघडताच पुन्हा तेच. बुडणारा माणूस पाण्यावर येऊन श्वास घेतो, अगदी तसं. तिचा भाऊ असाच होडीत पेंगायचा, सगळे त्याला आळशी म्हणायचे, आणि एका सकाळी तो उठलाच नाही, असं तिनं सांगितलं. याला डॉक्टरला दाखव, ओरडू नको, म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मी अक्कल मागितली होती. ती मिळाली, फक्त जिला हवी होती तिला.

नणंदेच्या ओळखीनं डोंबिवलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो, मग मुंबईला तपासणी झाली. झोपेत जीभ आणि घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते, जीव गुदमरला की मेंदू माणसाला उठवतो, आणि हे रात्रभर चालतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे हा माणूस कितीतरी वर्षं झोपलाच नव्हता. नाकावर मास्क लावून हवा सोडणारं यंत्र सुचवलं, ते आम्ही आणलं. डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं. परदेशात नवे प्रयोग चालू आहेत, गळ्याजवळच्या हाडाखाली कातडीच्या आत छोटं यंत्र शिवून त्याची तार जिभेच्या नसेला जोडतात, श्वास घेताना ते नसेला हलकासा झटका देतं आणि जीभ पुढे येते. आपल्याकडे केव्हा येईल, हे त्यांनाही सांगता येईना.

घरी आल्यावर यांनी कागद घेतला आणि त्या नसेच्या यंत्राचं चित्र काढलं. हाड, बॅटरी, तार, जीभ, सगळं मापात. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या हातात पेन्सिल पाहिली आणि मला रडू आवरेना. मी त्यांची माफी मागितली.

ते म्हणाले, "तुला कुठे माहीत होतं? मीसुद्धा स्वतःला आळशीच समजत होतो."

त्यांनी राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं.

मास्कच्या यंत्रानं ते जागे झाले, पण एवढ्या वर्षांच्या ओढाताणीनं हृदय थकलं होतं. चार वर्षं मिळाली. त्या चार वर्षांसाठी मी देवीचे उपकार मानते, आणि आधीच्या वर्षांसाठी माझ्याजवळ क्षमेशिवाय काही नाही. नसेचं ते यंत्र आता माणसांना बसवतात म्हणे. आता मी देवीसमोर उभी राहते ती काही न मागता. कुणाला काय कमी आहे, हे तिला माझ्याहून जास्त कळतं.

परवा देवळात कीर्तन चालू असताना पुढच्या रांगेत एक गृहस्थ पेंगत होते. त्यांची बायको कोपरानं ढोसत होती, चेहरा शरमेनं लाल झालेला. मी उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हटलं, "त्यांना उठवू नका. आधी त्यांचा श्वास ऐका."