शिकागोची रेल्वे आणि माझ्या लेकीचा डबा

मंडळी, आज सकाळी आमच्या फाट्यावर माझं मावसभावाशी चांगलंच वाजलं.

तो शिकागोत असतो, सुट्टीला आलाय. एसटीची वाट बघत उभे होतो, तर त्याचं सुरू झालं. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे, शिकागोत डोक्यावरून धडधडत जाणारी गाडी, सॅन फ्रान्सिस्कोच्या चढावरची ट्राम. "ताई, त्या शहरांची ओळखच आहे ती. आपल्याकडं काय, तर हा लाल खटारा!"

तेवढ्यात तो खटारा आला. मी पारनेरला शिकणाऱ्या लेकीचा डबा वर केला. ड्रायव्हरदादांनी गाडी थांबवून खिडकीतून हात काढला. "पोरीचा पेपर हाय ना आज? पोचवतो टायमावर." डबा घेतला आणि गाडी पारनेरकडं निघाली. आम्हाला कुठं जायचंच नव्हतं, आम्ही चढलोच नाही.

भाऊ म्हणाला, "पावती नाही? हरवला तर?"

"डबा आहे तो. हरवतोय कसा?"

थोड्या वेळानं लेकीचा फोन. "आई, चटणी विसरलीस!"

म्हणजे पोचला.

आता ऐकतेय, प्रवासी कमी म्हणून ही फेरी बंद होणार. प्रवासी मोजले, डबे कुणी मोजले? करून तर बघा बंद! गावातल्या सगळ्या आया डबे घेऊन रस्त्यात उभ्या राहू.

तुमच्यातलं कुणी अमेरिकेत, कॅनडात असेल तर खरं सांगा. तुमच्या त्या नावाजलेल्या गाड्यांपैकी एक तरी, कुणी चढणार नाही हे माहीत असून, नुसत्या आईच्या हातातल्या डब्यासाठी थांबते का?