दारावरचा दगड

दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून ते हवेत चौकोन करायचे, एक डोळा मिटून त्यातून बघायचे आणि म्हणायचे, "हेरिटेज आहे हो हे!" चौकोनात कधी पडकी भिंत असायची, कधी नुसती मेंढी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मला तर हे गृहस्थ शेजारी म्हणून मिळाले.

मी उत्तर आयर्लंडमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. म्हाताऱ्या पेशंटना घरी जाऊन चालायला लावते. राहते एका टाऊनलंडमध्ये. टाऊनलंड म्हणजे आपल्या वाडीसारखं काहीतरी: एक टेकडी, दगडी बांधांची शेतं, थोडी पाणथळ जमीन, मोजकी घरं आणि या सगळ्याला मिळून एक जुनं आयरिश नाव. हे काका मूळचे पुण्याचे. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आयटीतून रिटायर झाले आणि इथे घर घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी मला त्या नावाचा अर्थ सांगितला. तो चुकीचा होता. तसं म्हटल्यावर म्हणाले, "अगं, या लोकल लोकांना स्वतःचंच काही माहीत नसतं."

लोकल म्हणजे मुख्यतः ब्रिडी. ऐंशी ओलांडलेली, हिपचं ऑपरेशन झालेली, माझी पेशंट. काका राहायला आले तेव्हा घरी भाजलेला सोडा ब्रेड घेऊन काठी टेकत तीच पहिली त्यांच्याकडे गेली होती. तिची आजी जन्मली ते घर आता काकांच्या जमिनीत होतं. छप्पर कधीच गेलेलं, उभ्या होत्या त्या भिंती आणि एक दार. रोज तिथवर जायचं, दारात जरा थांबायचं, परत यायचं, हा ब्रिडीचा व्यायाम. दुसरीकडे कुठे चल म्हटलं की तिचं हिप दुखायला लागायचं.

एका वसंतात काकांनी माणसं बोलावून त्या दारावरचा आडवा दगड काढला आणि आपल्या नव्या फायरप्लेसवर बसवला. मला कौतुकाने दाखवायला नेलं.

"काका, ब्रिडीला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? जमीन माझी आहे. तिथे पावसात सडत होता, मी तो प्रिझर्व्ह केलाय!"

दगड सडतो हे मला त्या दिवशी कळलं.

वरचा दगड गेल्याने खिळखिळी झालेली ती दाराची भिंत हिवाळ्यातल्या पहिल्याच वादळात कोसळली. ब्रिडी माझ्याबरोबर बघायला आली. ढिगाऱ्यापुढे उभी राहून म्हणाली, "आता आत कुठून जायचं?" आणि वळली. त्यानंतर ती स्वतःच्या फाटकाबाहेर पडेना. मी पुष्कळ विनवलं. तिने फक्त नकारार्थी मान हलवली.

काकांशी भांडायला कोणी गेलं नाही. इथे भांडत नाहीत, येणं-जाणं बंद करतात. बर्फ पडला तेव्हा पलीकडच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरने सगळ्यांच्या दारापर्यंतची वाट मोकळी केली, काकांची सोडून. काका मला म्हणाले, "आपण ब्राऊन ना! ॲक्सेप्टच करत नाहीत हे लोक." मीही ब्राऊनच आहे. माझी वाट त्याने सगळ्यांच्या आधी साफ केली होती.

शेवटी घर विकून ते बेसिंगस्टोकला परत निघाले. निघताना ब्रिडीचा निरोप घ्यायला आले, तेव्हा मी तिथेच होते. टाय लावून आले होते. खरं सांगते, क्षणभर मला त्यांची कीव आली. ब्रिडीने चहा ओतला, ब्रेडला लोणी लावून दिलं, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. दगडाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. हायसं वाटून ते म्हणाले, "बघितलंस? तुम्हीच सगळ्यांनी उगाच बाऊ केलात. तिला काही वाटलंसुद्धा नव्हतं."

मी गाडीचं दार लावलं. कीव आली होती तीही गेली.

मी आत आले. ब्रिडी खिडकीशी बसून गाडीकडे बघत होती. गाडी टेकडीला वळसा घालून दिसेनाशी झाली, आवाजही थांबला.

"माझा कोट दे," ती म्हणाली. "आणि काठी."

फाटक तिने स्वतः उघडलं.