रनिंग-इनमधली गाडी आणि आरमोरीची वरात

चंद्रपुरात माझी नवी छोटी गाडी दारात उभी राहिली आणि चारच दिवसांत आरमोरीहून बाईचा फोन आला. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या निखिलचं लग्न तोंडावर आलं होतं, मुलगी गावातलीच. "गाडी घेऊनच ये वं मंदे," तिने बजावलं. हजार किलोमीटरवर पहिली सर्व्हिस होती. तोवर रनिंग-इन, म्हणजे इंजिन जपून चालवायचं, तर असा मोकळा रस्ता हवाच होता. निघाले.

नव्या गाडीने इकडे येणार असाल तर मूल गावापर्यंतचा जंगलरस्ता तुमच्या बाजूचा आहे. माकडं, गुरं, वळणं असल्यामुळे वेग आपोआप आवरतो. मी सत्तरच्या पुढे गेले नाही, आणि एकाच वेगाला चिकटूनही राहिले नाही. कधी पन्नास, कधी पासष्ट. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबायचा, ब्रेक लांबूनच लावायचा. नवे टायर आणि ब्रेकही रुळायला वेळ घेतात. मागचे ट्रक हॉर्न देऊन पुढे गेले, जाऊ दिले.

मूलला आलूबोंडा आणि वर झणझणीत तर्री. इंजिन जरा निवल्यावर सपाट जागी ऑइलची पातळी पाहिली. टपरीवाला वाकून बघत म्हणाला, "नवी गाडी घेतली अन् पेढे नाई आणले का जी?" त्याच्याकडचाच एक आलूबोंडा त्याला माझ्या खर्चाने खायला लावला, तेव्हा कुठे त्याने पेढ्यांचा विषय सोडला.

वैनगंगेचा पूल, मग गडचिरोली. पुढे रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत तेंदूपानांचे पुडे वाळत घातले होते. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावताना विचार करावा लागे. दुपारच्या जेवणाला आरमोरीत पोचले. वांग्याची भाजी, वरण, नव्या तांदळाचा भात. हात धुतले आणि भाऊजींनी, म्हणजे बाईच्या यजमानांनी, सहज सांगितलं, "संध्याकाळी नवरदेव तुमच्याच गाडीत बसन. साऱ्या गावाले सांगून ठेवलं."

मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वरात. बँडच्या मागे, नाचणाऱ्यांच्या मागे, तासभर पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, एसी लावून, मे महिन्यात. नव्या इंजिनासाठी याहून वाईट तास शोधूनही सापडणार नाही. मी म्हणाले, "नाही जमणार. मी त्याला थेट मांडवात सोडते."

"नवरदेव एकटाच जाईन का वं?" बाई म्हणाली आणि उठून आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. दिलेला शब्द भाऊजींना मागे घ्यावा लागणार होता, तोही व्याह्यांसमोर.

हळद लावून बसलेला निखिल सगळं ऐकत होता. म्हणाला, "मावशी, इंजिन चालू नाई करायचं, एवढंच ना? मंग नाई करू. पोट्टे ढकलतीन."

"लोकं हासतीन बे," भाऊजी म्हणाले.

"हासू द्या ना बाबा. लग्न आहे, मौत नोहे."

संध्याकाळी देवळासमोर मी गिअर न्यूट्रलला टाकला. किल्ली मात्र चालूवर ठेवली, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. निखिल मागे बसला, त्याच्या सहा मित्रांनी हळदीने माखलेले हात डिकीला लावले. गाडी हलली.

पहिल्याच चौकात कोणीतरी विचारलं, "चार दिवसांत बंद पडली का जी?"

"बंद नाई पडली, मान देऊन राह्यलो तिले," ढकलणाऱ्यांतून उत्तर गेलं. भाऊजींची मान खाली होती.

इंजिन बंद असलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला पायाचा सगळा जोर लागतो. तळ्याजवळच्या लहानशा उतारावर मी हँडब्रेक धरूनच बसले होते. सपाट रस्ता आणि चालण्याचा वेग नसेल तर हे कोणी करू नये. पण एसी नाही म्हणून काचा खाली होत्या, आणि त्यामुळे बाजारातला प्रत्येक जण खिडकीत हात घालून नवरदेवाला भेटत होता. एका म्हाताऱ्या शिंप्याने त्याचं बाशिंग नीट केलं. ढकलणारे दमले की नाचणारे मागे येत, ढकलणारे नाचायला पुढे जात. मग पाळ्यांसाठी भांडणं सुरू झाली. "सर ना बे, मले लावू दे हात."

मांडवाच्या दाराशी मुलीकडचे उभे होते. मुलीचे वडील गाडीकडे बघत पुढे आले. भाऊजी काहीतरी समजावायला लागले, तेवढ्यात व्याह्यांनी शेला खांद्यावर टाकला आणि मागे जाऊन हात लावला. "जवाई आमचा आहे, शेवटचं आमीच आणू." बँडवाले थांबले होते, ते पुन्हा जोरात वाजवू लागले. भाऊजी धावत व्याह्यांच्या शेजारी गेले. आरशात मला दोन व्याही खांद्याला खांदा लावून ढकलताना दिसले, आणि मांडवाच्या तोंडाशी बाई डोळे पुसत हसत होती.

परत येताना किलोमीटर भरावेत म्हणून ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीवरून आले. बाईने तांदळाचं पोतं देऊ केलं. मी अर्धंच घेतलं, कारण एवढ्यात पूर्ण ओझं नको. पुढे हजार किलोमीटर भरल्यावर चंद्रपुरात पहिली सर्व्हिस झाली. मजुरी लागली नाही. ऑइल, कूलंट, टायरची हवा, चाकांचे नट तपासले, सगळं ठीक. डिकीवरचे हळदीचे पंजे मात्र धुऊन नीट निघाले नाहीत. मी जास्त घासू दिले नाहीत.

काल बाईचा फोन आला. तिच्या शेजारच्या घरी लग्न आहे, गाडी हवी आहे. म्हटलं, "आणते म्हणावं, सर्व्हिस झाली. आता इंजिन चालू ठेवूनही वरात नेता येईल."

"नाई वं," बाई म्हणाली, "त्याईले बंदच पाह्यजे."